जायचं तर कोणत्या देशात? खारघरच्या घराघरातला प्रश्न. व्हिसा, पीआर आणि आईवडिलांच्या वयाचं गणित समजून घ्या

अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया की दुबई? देश आवडणं, त्या देशाने आत घेणं आणि कायम राहू देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज भरण्याआधी चारही दारं तपासून घ्या.

खारघर स्टेशनवरून उत्सव चौकाकडे चालत निघालात तर आयईएलटीएसच्या क्लासचे, जर्मन भाषेच्या क्लासचे आणि 'स्टडी अब्रॉड'चे बोर्ड मोजता मोजता कंटाळा येईल. संध्याकाळी सेंट्रल पार्कमध्ये फिरायला येणाऱ्या काका-काकूंच्या गप्पा ऐकल्या तर 'मुलगा काय करतो?' याच्या पाठोपाठ 'कुठे असतो?' हे येतंच. उत्तर टोरंटो, म्युनिक, मेलबर्न, शारजा यांपैकी काहीही असू शकतं.

जे अजून इथेच आहेत त्यांच्यासाठी प्रश्न असा असतो : जायचं असेल तर कोणत्या देशात?

मी स्वतः इंजिनीअरिंग करून पत्रकारितेत आलो. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न दर दोन महिन्यांनी निघतो आणि चर्चा नेहमी पगार, हवा, ट्रॅफिक आणि 'पीआर किती वर्षांत मिळतो' यावर होते. एक मुद्दा मात्र हमखास सुटतो, तो म्हणजे वय. स्वतःचंही आणि आईवडिलांचंही. तोच धरून हा विषय समजून घेऊया.

जावंसं किती जणांना वाटतं आणि जातात किती?

गॅलप ही संस्था जगभरात सर्वेक्षण करून विचारते की संधी मिळाली तर तुम्ही कायमचे दुसऱ्या देशात जाल का. २०२३ मध्ये जगातल्या सुमारे १६ टक्के प्रौढांनी 'हो' म्हटलं. म्हणजे ९० कोटींहून जास्त माणसं. पसंतीचा पहिला देश वर्षानुवर्षं अमेरिका आहे.

आता दुसरा आकडा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणारे लोक सुमारे ३० कोटी ४० लाख होते, जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. त्यात नोकरीसाठी गेलेले, लग्न करून गेलेले, युद्धामुळे पळालेले सगळेच आले. या यादीत सर्वाधिक लोक मूळचे भारतातले आहेत.

इच्छा १६ टक्क्यांची आणि प्रत्यक्षात ३.७ टक्के. मधली तफावत आवडीनिवडीमुळे पडत नाही, ती व्हिसाच्या नियमांमुळे पडते.

भारतापुरतं बोलायचं तर केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२०, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ होती. शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेले विद्यार्थी २०२३ मध्ये सुमारे ८ लाख ९२ हजार होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ७ लाख ५९ हजारांवर आला. मधल्या काळात कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांनी विद्यार्थ्यांसाठीचे नियम कडक केले होते.

खारघरकर आधीच एकदा 'निवडून' आलेत

खारघरमध्ये 'मूळ गाव कुठलं?' असं विचारलं की क्वचितच कुणी 'हेच' म्हणतं. सातारा, कोल्हापूर, जळगाव, रत्नागिरी, मुंबईतली चाळ, केरळ, उत्तर प्रदेश अशी उत्तरं मिळतात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवायला सुरुवात झाली. 'हेच' म्हणणारे भेटतात ते कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे यांसारख्या गावांत. ज्यांच्या जमिनीवर बाकीच्यांची निवड उभी राहिली, ते हे लोक.

बाकीच्यांनी मुंबईच्या तुलनेत मोठं घर, रुंद रस्ता आणि डोंगराची हवा पाहून खारघर निवडलं. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तरी उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटवर टँकर उभा राहतो, मालमत्ता कराचा वाद वर्षानुवर्षं चालतो आणि हार्बर लाइनने सीएसएमटी गाठायला तासाहून जास्त वेळ जातो. त्यामुळे आईबाबांनी जशी चाळ सोडून खारघर निवडलं तसं आपण खारघर सोडून कॅल्गरी निवडू, असं मुलांना वाटलं तर त्यात नवल नाही.

पण या दोन निवडींत मोठा फरक आहे. खारघरला येण्यासाठी कुणी वय विचारलं नाही, की दहा वर्षांनी परत जा असंही सांगितलं नाही. परदेशाच्या बाबतीत हे दोन्ही होतं.

मग देश निवडताना नेमकं काय तपासायचं?

चार दारं आहेत, असं समजा. एक दार उघडलं म्हणजे पुढचं उघडेलच असं नाही.

• पहिलं दार, प्रवेश : शिक्षण, नोकरी किंवा कौशल्याच्या व्हिसावर आत जाता येतं का?

• दुसरं दार, मुक्काम : नोकरी गेली किंवा कोर्स संपला तरी राहता येतं का? पीआर मिळायला किती काळ लागतो?

• तिसरं दार, नागरिकत्व : शेवटी त्या देशाचे होता येतं का आणि त्यासाठी काय सोडावं लागतं?

• चौथं दार, कुटुंब : जोडीदार आणि मुलं येऊ शकतात का? आईवडील?

आता प्रमुख देश या चार दारांवर तपासूया. नियम सतत बदलतात, म्हणून जिथे शक्य आहे तिथे तारीख दिली आहे. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर ताजा नियम बघाच.

अमेरिका : प्रवेश महाग, रांग लांब

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा वर्षाला ८५ हजार जणांना मिळतो आणि त्यासाठी लॉटरी लागते. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्यात आलं. इतकी रक्कम भरून एखाद्या फ्रेशरला बोलवायला कंपन्या सहजासहजी तयार होणार नाहीत.

खरी अडचण दुसऱ्या दाराशी आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्केच मिळतात. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. त्यामुळे २०२५ मध्ये ईबी-२ या भारतीय रांगेत २०१३ च्या सुरुवातीला अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. इथे मोजला जातो तो जन्मदेश. नंतर पासपोर्ट बदलला तरी रांग बदलत नाही.

मात्र एकदा नागरिकत्व मिळालं की चौथं दार चांगलं उघडतं. २१ वर्षांवरील अमेरिकन नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो आणि त्यावर वार्षिक कोटा नाही. प्रश्न तिथपर्यंत पोहोचायला किती वर्षं जातात, हा आहे.

कॅनडा : गुण आहेत, जागा कमी झाल्यात

'एक्स्प्रेस एंट्री'त उमेदवाराला १२०० पैकी गुण मिळतात. वय, शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच आणि अनुभव यावर ते ठरतात. एखाद्या प्रांताने नाव सुचवलं तर एकदम ६०० गुण जमा होतात.

जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कमही १० हजार कॅनेडियन डॉलरवरून २० हजार ६३५ वर नेली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२ हजार ८९५ झाली. नव्या कायम रहिवाशांचं उद्दिष्ट २०२४ मध्ये ४ लाख ८५ हजार होतं, ते २०२५ साठी ३ लाख ९५ हजार करण्यात आलं. 'आधी शिकायला जाऊ, मग पीआर होईलच' या हिशेबावर घर गहाण ठेवणाऱ्यांनी हे आकडे आधी बघावेत.

पीआर मिळाला की नागरिकत्व तुलनेने लवकर मिळतं. पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य हवं.

जर्मनी : भाषा शिकलात तर दार मोठं

जर्मनीला कामगारांची टंचाई आहे आणि ते उघडपणे सांगतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्येच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी कामं त्यात आहेत. त्यामुळे जर्मनी हा फक्त एमएस करणाऱ्यांचा देश राहिलेला नाही, आयटीआयवाल्यांनीही त्याकडे बघायला हरकत नाही.

१ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे', म्हणजे संधी कार्ड सुरू झालं. नोकरी हातात नसताना एक वर्षापर्यंत जर्मनीत राहून नोकरी शोधता येते आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यासाठी ६ गुण लागतात. गणित करून बघूया. समजा उमेदवाराचं वय २७ आहे, पदवीशी संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव आहे, जर्मन ए-२ आणि इंग्रजी सी-१ पातळीचं आहे. ३५ पर्यंतच्या वयाचे २, अनुभवाचे २, जर्मनचा १ आणि इंग्रजीचा १. झाले ६. पदवी जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर गुणांची गरजही नाही.

पैसे मात्र दाखवावे लागतात. २०२५ मध्ये संधी कार्डासाठी महिन्याला १०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३ हजार ९२ युरो. विद्यार्थ्यांसाठी ११ हजार ९०४ युरो.

नागरिकत्वासाठी जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्वही मान्य करतो. भारत करत नाही, त्यामुळे त्या सवलतीचा आपल्याला उपयोग नाही.

ऑस्ट्रेलिया : पंचेचाळिशीला दार बंद

गुणांवर आधारित कुशल व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्षात निमंत्रण यायला बहुतेक वेळा त्याहून बरेच जास्त हवे असतात. विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, ते जुलै २०२४ मध्ये १६०० आणि जुलै २०२५ मध्ये २००० झालं.

१८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी 'मेट्स' ही वेगळी योजना आहे. इंजिनीअरिंग, आयटी, अक्षय ऊर्जा अशा क्षेत्रांतल्या वर्षाला ३ हजार जणांना दोन वर्षांपर्यंत काम करता येतं. निवड सोडतीने होते. सिडकोच्या घरांच्या लॉटरीची सवय असलेल्यांना हे नवं नाही.

ब्रिटन : पगाराची अट वाढली

कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये ३८ हजार ७०० पौंड झाला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१ हजार ७००. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षं, जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी १८ महिने होणार आहेत. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्तावही मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत होता.

आखात : दार उघडं, पण कायमचं नाही

रायगड आणि रत्नागिरीला आखात नवं नाही. महाड, म्हसळा, श्रीवर्धनपासून खेड-चिपळूणपर्यंत अनेक घरं तिकडच्या पैशावर उभी राहिली. पगारावर आयकर नाही, विमान तीन-चार तासांत घरी आणतं आणि प्रवेश सोपा आहे.

पण तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. संयुक्त अरब अमिरातींनी २०१९ मध्ये गोल्डन व्हिसा आणला, तो दीर्घ मुदतीचा आहे, मात्र ते नागरिकत्व नाही. सामान्य नोकरदाराला तिसरं दार जवळपास बंदच आहे. आखातात जाणारा माणूस परत येण्याच्या हिशेबानेच जातो. त्यात एक स्पष्टता आहे, जी कॅनडा-अमेरिकेच्या बाबतीत अनेकांकडे नसते.

वयाचे गुण : अनुभव वाढतो, गुण घटतात

आता मुख्य मुद्दा. ऑस्ट्रेलियाच्या गुणपत्रिकेत एकच माणूस दोन वयांत ठेवून बघा.

२७ व्या वर्षी, अविवाहित, पदवीधर, चांगलं इंग्रजी, तीन वर्षांचा अनुभव : वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, अनुभवाचे ५, अविवाहित असल्याचे १०. एकूण ७०.

तोच माणूस ४० व्या वर्षी, तसाच अविवाहित, आठ वर्षांहून जास्त अनुभव : वयाचे १५, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, अनुभवाचे १५, अविवाहित असल्याचे १०. एकूण ६५.

तेरा वर्षं काम करून गुण पाचने कमी झाले. ४५ पूर्ण झाली की अर्जच करता येत नाही. कॅनडात अविवाहित उमेदवाराला २९ पर्यंत वयाचे ११० गुण मिळतात, ३५ ला ७७, ४० ला ५० आणि ४५ ला शून्य.

म्हणून पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं वाटतं, ते उगाच नाही. नियमच तसे लिहिले आहेत. या देशांना तरुण माणूस हवा असतो, कारण तो जास्त वर्षं कर भरतो आणि हॉस्पिटलमध्ये कमी जातो.

आणि आईवडिलांचं काय?

याच नियमाची दुसरी बाजू इथे दिसते. तरुण माणूस हवा, म्हणजे म्हातारा नको. आईवडिलांसाठीचे व्हिसा जवळपास सगळीकडे अडचणीचे आहेत.

ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या, कमी शुल्काच्या व्हिसाची सरकारने सांगितलेली प्रतीक्षा ३० वर्षांहून जास्त आहे. साठीतल्या आईसाठी आज अर्ज केला तर नंबर नव्वदीनंतर लागेल. मोठी रक्कम भरून घेतलेल्या व्हिसालाही अनेक वर्षं लागतात. कॅनडाने २०२५ मध्ये आईवडील आणि आजी-आजोबांच्या पीआर योजनेत नवे इच्छुक घेतले नाहीत. 'सुपर व्हिसा'वर मात्र एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यासाठी आरोग्य विमा आवश्यक असतो. जर्मनीने मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणण्याची मुभा दिली, पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. उतारवयात तसा विमा मिळवणं हीच मोठी परीक्षा असते. ब्रिटनमध्ये तर रोजच्या जगण्यासाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि ती स्वदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं.

आता दोन्ही वयं शेजारी ठेवा. मुलाचं वय २७, आईचं ५४. त्याला गुण भरपूर, तिला कसलीच गरज नाही. ती स्वतः सकाळी खारघर हिल चढून येते. सगळे म्हणतात, 'जा रे बाबा, आमची काळजी करू नको.' तो जातो. शिक्षण, नोकरी, पीआर, नागरिकत्व यात दहा-बारा वर्षं जातात. तो ३९ चा होतो, आई ६६ ची. इथून पुढे तिला सोबत लागणार असते आणि नेमकं तेव्हाच मुलाच्या हातात तिकडचं घर, कर्ज, मुलांची शाळा असते.

निर्णय दोघांनी मिळून घेतलेला असतो आणि तो बरोबर वाटेल अशाच वयात घेतलेला असतो. त्याची किंमत कळते पंधरा वर्षांनी. म्हणून देश निवडताना चौथ्या दाराची चर्चा पहिल्याच दिवशी, आईबाबांना समोर बसवून व्हायला हवी.

भारतीय पासपोर्ट सोडला की काय सुटतं?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यानंतर ओसीआय कार्ड घेता येतं. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेती मात्र ठेवता येते. गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

नागरिकत्व न सोडता परदेशात राहणाऱ्या एनआरआयला मतदान करता येतं, पण त्यासाठी मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष आपल्या केंद्रावर हजर राहावं लागतं.

परतीची वाटही आहे. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलं असेल तर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा तिकडचं सोडावं लागतं.

पनवेलचं सिनेगॉग काय सांगतं?

दुसरा देश निवडण्याचा सगळ्यात मोठा सामूहिक निर्णय आपल्याच रायगडमध्ये झालेला आहे. खारघरपासून काही किलोमीटरवर पनवेलमध्ये बेथ एल हे सिनेगॉग आहे. ते बेने इस्रायल समाजाचं. शतकानुशतकं कोकणात राहिलेला, मराठी बोलणारा हा ज्यू समाज. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, आपटेकर, नौगावकर.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हा भारतात या समाजाचे साधारण २० हजार लोक होते. १९५० मध्ये इस्रायलने परतीचा कायदा केला आणि जगातल्या कोणत्याही ज्यूला येण्याचा हक्क दिला. ना गुण, ना लॉटरी, ना वयाची अट. पहिलं, दुसरं, तिसरं अशी तिन्ही दारं एकदम उघडी.

तरी सगळं सोपं झालं नाही. सुरुवातीला गेलेल्यांपैकी एका गटाने वागणुकीला कंटाळून भारतात परत पाठवण्याची मागणी केली, आंदोलन केलं आणि १९५२ मध्ये त्यांना परत आणलं गेलं. त्यातले अनेक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची वेगळी चौकशी करायचे नियम काढले. त्याविरोधात पुन्हा मोठा लढा झाला आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत, असं स्पष्ट केलं. म्हणजे हक्क कायद्याने मिळाला १९५० ला आणि बरोबरीची मान्यता मिळायला आणखी चौदा वर्षं लागली.

आज या समाजाचे बहुतेक लोक इस्रायलमध्ये आहेत, स्थिरावले आहेत आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. त्यांचा निर्णय चुकला असं कुणी म्हणणार नाही. पण कागदावर आपलं होणं आणि शेजाऱ्याने आपलं मानणं यात एक पिढी जाऊ शकते, हे त्यांच्या अनुभवातून कळतं.

निघण्याआधी हे करा

• एजंटच्या आधी सरकारी वेबसाइट : गुण, शुल्क, प्रतीक्षा काळ ही माहिती सगळे देश फुकट देतात. आखातातल्या नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते तपासा. टुरिस्ट व्हिसावर नेऊन नोकरी देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

• कर्जाचा हिशेब दोन पगारांत मांडा : तिकडे नोकरी लागली तर हप्ता किती जड आणि परत यावं लागलं तर इथल्या पगारात तो झेपेल का.

• भाषा आधी शिका : जर्मन बी-१ इथे राहून शिकणं, तिकडे भाडं भरत शिकण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

• बँक खातं बदला : एनआरआय झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं.

• घराची कागदपत्रं : सोसायटीत नामनिर्देशन, आईबाबांचा आरोग्य विमा, गरज पडली तर मुखत्यारपत्र. विमा त्यांच्या साठीआधी घेतलेला बरा.

• घरात चौघांची बैठक : 'आजारी पडलात तर पहिला फोन कुणाला?' या प्रश्नाचं उत्तर नावासकट ठरवा. शेजारी, मामेभाऊ, फॅमिली डॉक्टर, कुणीही. पण नाव हवं.

थोडक्यात

अमेरिकेत पोहोचल्यावर रांग आहे, कॅनडात जागा कमी होत आहेत, जर्मनी भाषा मागतो, ऑस्ट्रेलिया वय मोजतो, ब्रिटन पगार बघतो आणि आखात कायमचं ठेवून घेत नाही. यात सर्वांसाठी चांगला असा एक देश नाही. २४ वर्षांच्या नर्ससाठी जर्मनी योग्य असेल, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं असलेल्यासाठी दुबई, आणि ज्याच्या घरी आजारी वडील आहेत त्याच्यासाठी ऐरोलीच्या आयटी पार्कमधली नोकरी.

न जाणं हाही एक निर्णयच आहे आणि तोही हिशेब मांडून घेता येतो. फक्त तो वयाच्या गुणांसारखा आपोआप संपून जाऊ देऊ नका. तिशीच्या आत एकदा चारही दारं तपासा, आईबाबांशी स्पष्ट बोला आणि मग ठरवा. व्हिसाची रांग, गुण आणि शुल्क ते देश ठरवणार, पण घरातलं हे बोलणं कधी करायचं, ते तुमच्या हातात आहे.